मेट्रोतून उतरा, गिरगावात शिरा!

मॉल झाला, मल्टिप्लेक्स झालं, लोणावळ्याचं ट्रॅफिकही झालं. या वीकएण्डला जरा मुळांकडे वळू या? दोन दिवस, एक मेट्रो कार्ड, चांगले बूट आणि रिकामं पोट... बास, एवढंच सामान!

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजले की ऑफिसातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच सवाल येऊन पडतो, 'वीकएण्डचा काय सीन?' मग लोणावळा (नको, ट्रॅफिक), अलिबाग (नको, बजेट) आणि तोच तो मॉल (पुन्हा?) अशी उजळणी होते. शेवटी रविवारी रात्री आपण सोफ्यावर आडवे, हातात गार पिझ्झ्याचा तुकडा आणि समोर तीच ती सिरीज. सोमवारी कुणी 'काय केलंस?' विचारलं की उत्तर एकच, 'काही नाही रे, चिल मारला.'

तर दोस्तहो, या वेळी प्लॅन आमच्याकडून घ्या. लांब जायचं नाही, हॉटेल बुक करायचं नाही. जायचंय गिरगावात. डोंबिवली, ठाणे, बोरिवली, दहिसर इथल्या निम्म्याअधिक मराठी घरांमध्ये 'आम्ही मूळचे गिरगावातले' हे वाक्य कधी ना कधी म्हटलं जातंच. आपल्या पिढीने ते ऐकलंय, गिरगाव मात्र पाहिलंय ते गुढीपाडव्याच्या शोभायात्रेच्या फोटोंमध्ये. फेटा, नऊवारी, बुलेट, झालं! उरलेल्या ३६४ दिवसांचं गिरगाव बघायचं असेल, तर हीच वेळ आहे. का, ते पुढे येईलच.

आधी पोचायचं कसं?

एकदम सोप्पं. मेट्रो ३, म्हणजे आपली अ‍ॅक्वा लाइन, ९ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावू लागली. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं आणि एक आरे सोडलं तर सगळीच्या सगळी जमिनीखाली. अंधेरी-घाटकोपरवाल्यांनी मरोळ नाक्याला बदलावं. सेंट्रलवाल्यांनी सीएसएमटीला उतरून खाली मेट्रोत शिरावं, पुढचं स्टेशन काळबादेवी, त्यापुढचं गिरगाव. वेस्टर्नवाल्यांना आपलं चर्नी रोड आहेच. हे नाव 'चरण्या'वरून पडलं असं सांगतात. इंग्रजांनी गुरं चारण्यावर कर बसवला, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी इथली जमीन विकत घेऊन गुरांना फुकट चरायला मोकळी करून दिली. आज तिथे चरायला आपण!

एक गोष्ट मात्र एसी डब्यात बसताना लक्षात असू द्या. काळबादेवी आणि गिरगावची स्टेशनं काढायला रस्त्याकडेच्या जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. तिथल्या बिऱ्हाडांना वर्षानुवर्षं दुसरीकडे राहावं लागलं. आपली वीस मिनिटं वाचली, त्याचे हप्ते कुणीतरी भरलेत.

शनिवार, सकाळी ८ : नाश्ता नंबर एक

काळबादेवीला उतरा आणि आधी चालत धोबी तलावाकडे मागे या. मेट्रो सिनेमासमोर कयानी अँड कंपनी आहे, १९०४ सालचं. लाकडी खुर्च्या, चौकटीचे टेबलक्लॉथ, काचेच्या बरण्यांतली बिस्किटं. इराणी चहा, ब्रून मस्का आणि मावा केक मागवा. भूक जास्त असेल तर अकुरी, म्हणजे पारशी-इराणी पद्धतीची मसालेदार अंडाभुर्जी. पण थांबा, पोटात जागा ठेवा. आज दोन नाश्ते करायचेत.

इराणातल्या यझ्द आणि केरमानकडून आलेल्या झोराष्ट्रियन मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईत ही हॉटेलं थाटली. कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून इतर व्यापारी घेत नसत, ती यांनी घेतली, असं म्हणतात. दोन बाजूंनी रस्ता, म्हणजे दोन बाजूंनी गिऱ्हाईक! एके काळी मुंबईत असे इराणी नाक्यानाक्यावर होते. आता मोजकेच उरलेत. धोबी तलावचंच बस्तानी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली.

सकाळी १० : भाजी मंडई की पत्ता?

आता जगन्नाथ शंकरशेट मार्ग, म्हणजे सगळ्यांचा जेएसएस रोड धरा आणि नाकासमोर चालत सुटा. चिराबाजार, ठाकूरद्वार, गिरगाव नाका अशी वरात जाते. चिराबाजारात मासळीचा दरवळ येईल. खवय्यांनी खोल श्वास घ्यावा, बाकीच्यांनी रुमाल!

चालता चालता गल्ल्यांच्या पाट्या वाचा. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट... पत्ता सांगतोय की भाजीची यादी? कारण साधं आहे. चाळी येण्याआधी इथे खरोखरच वाड्या आणि भाटं होती, नारळी-पोफळी, फळझाडं, भाजीपाला. झाडं गेली, नावं राहिली. मुंबईत इतिहास वाचायला म्युझियमच लागतं असं नाही, पोस्टाचा पत्तासुद्धा पुरतो.

फणसवाडीच्या कोपऱ्यावर विनय हेल्थ होम. हाच तो नाश्ता नंबर दोन! इथली मिसळ कोल्हापुरी ठसकेबाज नव्हे. डोळ्यांत पाणी आणणं हा हिचा हेतूच नाही. चवीला नेमकी, थोडी घरगुती. सोबत पाव. शनिवारी सकाळी टेबल शेअर करावं लागलं तर कपाळावर आठ्या नकोत. समोरचे काका बहुधा तीस वर्षांपासून येत असतात आणि पोरी, तू दही घे, असा सल्लाही देतात. उपास असेल तर पुढे पणशीकरांकडे मोर्चा वळवा. साबुदाणा वडा आणि वर गारेगार पियूष. श्रीखंडाच्या चुलत भावाला ग्लासात घालून प्यायचं, असं काहीसं. उपास नसेल तरी वळवा!

सकाळी ११ : वाडीतली शांतता

गिरगावात शिरल्यावर एक वळण घ्यायचं आणि हॉर्न बंद. खोताची वाडी! दादोबा वामन खोत यांच्या नावावरून ओळखली जाणारी ही वस्ती. लाकडी जिने, रंगीत कठडे, उतरती कौलं, दारातला क्रॉस. इथली बरीच घरं ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची. हे लोक मूळचे इथलेच, मराठी बोलणारे, त्यामुळे 'पोर्तुगीज गाव' वगैरे कॅप्शन टाकू नका, प्लीज.

एके काळी ६५ घरं होती असं सांगतात, आता तिशीच्या आत आलीत. मधेच मान वर करावी तर मागे टॉवर डोकावतो. मासे खाणाऱ्या जुन्या मुंबईकरांचं देवस्थान असलेलं अनंताश्रम याच वाडीत होतं. तेही कधीच बंद झालं. आयडियल वेफर्सचं पाकीट मात्र जरूर घ्या, ताजे तळलेले वेफर कसे लागतात ते कळेल.

आणि हो, ही लोकांची घरं आहेत, फिल्मसिटीतला सेट नव्हे. कुणाच्या जिन्यावर बसून प्री-वेडिंग पोज देण्याआधी विचारा. नाही म्हणाले तर हसून पुढे चला.

मधला ब्रेक : आत्याची गॅलरी

माझी आत्या ठाकूरद्वारला चाळीत राहते. वय एकाहत्तर. बाबांनी डोंबिवलीत वन बीएचके घेतला, आत्या इथेच राहिली. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी तिच्याकडे गेले आणि गॅलरीत उभी राहून म्हटलं, 'किती मस्त आहे गं हे सगळं, जपायला हवं.'

आत्या मटार सोलत होती. म्हणाली, 'बघायला सगळे येतात हल्ली. फोटो काढतात, काय क्यूट गॅलरी म्हणतात. रात्री दोन वाजता गुडघे धरत त्या टोकाच्या संडासापर्यंत जाऊन ये म्हणावं. मग सांग मला क्यूट.'

चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीय. आत्याने सही केलीय, पहिल्या दिवशीच. वर छताचा तुकडा पडतो तेव्हा हेरिटेज कुणाला सुचतं? हिशेब असा आहे. या चाळी पागडीच्या. रेंट कंट्रोलमुळे भाडं इतकं कमी की आपला एका वेळच्या कॉफीचा खर्चही त्याहून जास्त. एवढ्या भाड्यात मालक दुरुस्ती करत नाही आणि भाडेकरू खोली सोडत नाही. असं करत करत इमारत म्हातारी होते. पुनर्विकासाच्या नियमानुसार जुन्या उपकरप्राप्त इमारतीतल्या रहिवाशाला निदान तीनशे चौरस फुटांचं घर फुकट मिळतं. आत्याची खोली त्याच्या जेमतेम निम्मी. म्हणजे लॉटरीच की!

'लॉटरीच आहे,' आत्या म्हणाली. 'पण बांधायला पाच वर्षं म्हणतात. बिल्डरला पाच वर्षं म्हणजे काय! एकाहत्तरीत ती फार असतात गं. तोवर भाडं देणार, पण तेवढ्या भाड्यात गिरगावात खोली मिळतेय का? म्हणजे आले मी तुमच्या डोंबिवलीला. आणि आलेच परत, तर टॉवरचा मेंटेनन्स माझ्या पेन्शनमधून निघायचा का, ते बघ तू जरा. तुला कॉम्प्युटर येतो ना?'

मी बघितलं. आकडेमोड केली. निघतो, पण त्यात औषधं बसत नाहीत. आता बाबा, काका आणि आम्ही भावंडं मिळून काय करायचं, यावर घरात रोज चर्चा चाललीय. गिरगावात आज दर तिसऱ्या दारामागे थोड्याफार फरकाने हीच चर्चा असेल.

या सगळ्याचा तुमच्या वीकएण्डशी काय संबंध? आहे. विनयची मिसळ, पणशीकरांचं पियूष, कोपऱ्यावरचा फुलवाला, पिठाची गिरणी हे सगळं चालतं ते चाळीतल्या माणसांवर. एकेक चाळ पाच-पाच वर्षं रिकामी झाली की रोजचं गिऱ्हाईक जातं. परत येतील ती काही माणसं, काही येणार नाहीत. आपण शनिवारी जाऊन मिसळ खाल्ल्याने चाळ वाचणार नाही, आणि आत्याला विचाराल तर वाचवूही नका! पण दुकान तग धरू शकतं. सेल्फीपेक्षा बिल मोठं असू द्या, एवढंच.

दुपारी १ : पडदा इथेच उघडला

सिनेमाप्रेमींनो, ऐका. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी लोकांपुढे आला तो गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात. पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी लागला तोही इथल्याच मॅजेस्टिकमध्ये. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले होते. कॉरोनेशन गेलं, मॅजेस्टिक गेलं आणि 'आलम आरा'ची एकही प्रिंट शिल्लक नाही. मॅजेस्टिकच्या जागी आता त्याच नावाचं शॉपिंग सेंटर आहे. आत शिरून एखादी कुर्ती घ्या आणि मनातल्या मनात सलाम ठोका.

उरलंय ते रॉयल ऑपेरा हाऊस. १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, १९९३ ला टाळं आणि २०१६ मध्ये पुन्हा झगमगाट. नुसतं बाहेरून बघूनही डोळे निवतात, पण एखाद्या कार्यक्रमाचं तिकीट मिळवून आतलं छत बघितलंत तर क्या बात! नाटकवाल्यांनी केळेवाडीत साहित्य संघाच्या नाट्यगृहात काय लागलंय तेही बघून घ्यावं.

वाटेत खाडिलकर रोडवर केशवजी नाईकांची चाळ लागेल. १८९३ मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव इथे झाला. आजही तिथे छोटी मातीची मूर्ती बसते. वीस-पंचवीस फुटांच्या राजांच्या जमान्यात हे बघून बरं वाटतं.

दुपारी ४ : गांधीजींचा पत्ता

ऑपेरा हाऊसवरून गावदेवीकडे चालत जा. लॅबर्नम रोडवरचं मणिभवन हा १९१७ ते १९३४ या काळातला गांधीजींचा मुंबईतला मुक्काम. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे त्यांना अटक झाली ती याच घराच्या गच्चीवरून. खोली, चरखा आणि आयुष्यातले प्रसंग दाखवणाऱ्या छोट्या बाहुल्यांच्या पेट्या... शाळेच्या सहलीत धावत बघितलं असेल, आता निवांत बघा. तिथून ऑगस्ट क्रांती मैदान जवळच आहे. ८ ऑगस्ट १९४२ ला 'चले जाव'चा ठराव झाला ते हेच. आज तिथे क्रिकेट चालू असतं आणि टेनिस बॉल नेमका तुमच्याच डोक्यावर येतो.

संध्याकाळी ६ : चौपाटी, दुसरं काय?

सूर्यास्त चौपाटीवर. लोकमान्यांचा अंत्यविधी १ ऑगस्ट १९२० च्या त्यांच्या निधनानंतर याच वाळूत झाला, म्हणून त्यांचा पुतळा इथे उभा आहे. त्याला नमस्कार करून भेळवाल्याकडे वळा. तिखट-गोड सांगायला विसरू नका, नाहीतर तो तुमच्या चेहऱ्यावरून ठरवेल! गोडाला समोरच्या बाजूला न्यू कुल्फी सेंटर. इथे कुल्फी काडीवर नाही, वजनावर मिळते. तराजूत तोलून, तुकडे करून. पिस्ता, मलई, केशर सगळी थोडी थोडी घ्या आणि भांडत खा. हिरव्या मिरचीचं आइस्क्रीम खायचं धाडस असेल तर बॅचलर्स आहेच.

रविवार, सकाळी ७ : झाडांच्या शेंड्यावरून

उठा! रविवार आहे माहितेय, तरी उठा. मलबार हिलवर कमला नेहरू पार्कच्या मागे मार्च २०२५ मध्ये नेचर ट्रेल सुरू झाला. ४८५ मीटरची लाकडी वाट, जमिनीवरून नव्हे तर झाडांमधून. एके ठिकाणी पायाखाली काच आहे, तिथे खाली बघायचं की नाही ते आपापल्या हिमतीवर. पुढे चौपाटी आणि समुद्र. पहाटे ५ पासून उघडा असतो, तिकीट २५ रुपये, पण बुकिंग आधी ऑनलाइन करावं लागतं आणि वीकएण्डचे स्लॉट पटकन भरतात. म्हणून हे काम शुक्रवारीच उरका, ऑफिसच्या वेळात केलंत तरी आम्ही कुणाला सांगणार नाही.

तिथून टॅक्सी किंवा बेस्टची बस पकडून वाळकेश्वरच्या बाणगंगेवर जा. शिलाहारांच्या काळातला तलाव. रामाने बाण मारला आणि गोडं पाणी उसळलं, ही कथा सगळ्यांना ठाऊक. सध्याचं मंदिर १७१५ मध्ये रामा कामत यांनी बांधून घेतलेलं. पायऱ्यांवर बसा. समुद्र इतका जवळ असून पाणी गोडं! आजूबाजूला मंदिरांच्या घंटा, पाण्यात बदकं, वर टॉवर. कुणी पितरांचं काहीतरी करत असतं, कुणी पोरं पोहत असतात. अर्धा तास फोन खिशात ठेवा, जमतंय का बघा.

दुपारी १ : थाळी आणि मग घरी

शेवट काळबादेवीत. श्री ठाकर भोजनालयात गुजराती थाळी, १९४५ पासून. वाढपी तुम्हाला 'पुरे' म्हणू देत नाहीत. फुलके, फरसाण, दोन-तीन भाज्या, कढी, खिचडी... उठताना टेबलाचा आधार लागतो. बाहेर पडलात की मेट्रोचं स्टेशन आहेच. एसीत बसा, डोळे मिटा, तुमचं स्टेशन आलं की बाजूच्याला उठवायला सांगा.

जाण्याआधी एवढं वाचाच

\* काळबादेवी-गिरगावातली बरीच दुकानं रविवारी बंद असतात. म्हणून खाण्याचा मोठा भाग शनिवारी ठेवलाय. खास एखाद्या ठिकाणासाठी जात असाल तर आधी फोन करा.

\* गाडी आणू नका. पार्किंग शोधण्यात मिसळ थंड होईल.

\* सुट्टे पैसे ठेवा. यूपीआय जवळजवळ सगळीकडे चालतं, पण फुलवाल्या मावशींकडे रोखच बरे.

\* चाळीत शिरताना चपला, आवाज आणि कॅमेरा तिन्ही जरा सांभाळून.

\* घरात कुणी मूळचं गिरगावातलं असेल तर त्यांना सोबत न्या. आजीला, आत्याला, शेजारच्या काकांना. त्यांची चाळ अजून उभी असेल तर ती कुठल्या मजल्यावरची कुठली खोली, हे नीट विचारून घ्या. पुढच्या वर्षी दाखवायला ती तिथे असेलच असं नाही.